औरंगाबाद मध्य: ज्यांची मतं दर वेळी वाढली तेच हरले, हे कसं?

गुलमंडीकर

आधीच सांगून टाकतो. शहराचं नाव २०२३ साली बदललं, पण निवडणूक आयोगाच्या कागदावर विधानसभा मतदारसंघ २०२४ लाही ‘औरंगाबाद मध्य’च होता, म्हणून मी तेच लिहितोय. नावावरून भांडायचं असेल त्यांनी दुसरा धागा काढावा. तिथं मीही येईन.

तर विषय असा. आमच्या दुकानात संध्याकाळी चार टाळकी जमतात. परवा एक जण ठासून म्हणाला, "मध्यमध्ये एमआयएमची हवा गेली. २०१४ ला लाट होती, ती ओसरली." मी बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. एमआयएमला २०१४ ला ६१,८४३. २०१९ ला ६८,३२५. २०२४ ला ७७,३४०. दर वेळी वाढ. आणि निकाल? सगळ्यांत कमी मतं होती तेव्हा आमदार झाला. पुढं दोन्ही वेळा जास्त मतं घेऊन पडले. गडी गप्प झाला, पण चहाचे पैसे काही त्यानं दिले नाहीत.

मग मलाच चैन पडेना. रात्री बसून जुने निकाल काढले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आजचा ‘मध्य’ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. त्याआधी शहर औरंगाबाद पूर्व आणि पश्चिम अशा दोन मतदारसंघांत वाटलेलं होतं. आता तीन आहेत, त्यातला पश्चिम अनुसूचित जातींसाठी राखीव. मध्यमध्ये एका बाजूला गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, बेगमपुरा आणि दुसऱ्या बाजूला हडको. म्हणजे जुनं शहर आणि नवं शहर एकाच यंत्रात.

२००९ ला पहिलीच निवडणूक. सेनेनं तिकीट दिलं नाही म्हणून प्रदीप जैस्वाल अपक्ष उभे राहिले आणि सेनेच्या अधिकृत उमेदवाराला मागं टाकून निवडून आले. हे तेच जैस्वाल, जे १९९६ ला इथून खासदार झाले होते. मतदारसंघाचा नारळच बंडखोरीनं फुटला म्हणा ना.

२०१४ सगळ्यांना आठवत असेल. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही तुटली. मध्यमध्ये जैस्वाल सेनेकडून, किशनचंद तनवाणी भाजपकडून. दोघंही आमच्याच भागातले, एकेकाळी एकाच पक्षातले. जैस्वाल ४१,८६१, तनवाणी ४०,७७०. भावाभावांनी भाकरी मोडावी तशी बरोबर मधोमध. आणि टीव्हीवरची पत्रकारिता सोडून आलेले इम्तियाज जलील १९,९८२ मतांनी आमदार.

२०१९ ला पुन्हा युती. जैस्वाल ८२,२१७, एमआयएमचे नासेर सिद्दिकी ६८,३२५. फरक १३,८९२.

आता ही बेरीज बघा. २०१४ चे जैस्वाल अधिक तनवाणी म्हणजे ८२,६३१. २०१९ चे जैस्वाल ८२,२१७. फरक फक्त ४१४ चा! पाच वर्षं गेली, मोर्चे, दंगली, कचऱ्याचं आंदोलन, सगळं झालं, आणि बेरीज हलली ४१४ नं. रात्री साडेअकराला मी एकटाच हसलो. बायको म्हणाली, निजा आता.

२०२४ ला मात्र माझं गणित फसलं. सेना दोन झाल्या. जैस्वाल शिंद्यांकडे, ८५,४५९. ठाकऱ्यांकडून बाळासाहेब थोरात (संगमनेरचे नव्हेत, आपले इथले), ३७,०९८. म्हणजे फूट पडलीच होती. २०१४ च्या हिशेबानं सिद्दिकी निवडून यायला हवे होते. ते ८,११९ नं पडले.

माझं म्हणणं एवढंच की इथं माणसं मत बदलत नाहीत, उभं कोण राहतं ते बदलतं आणि त्यावरून आमदार ठरतो. मग २०२४ ला काय झालं? जाणकारांनी सांगावं.

हडको_एन_अकरा

मस्त लिहिलंय दादा. पण ४१४ वर एवढे खूश होऊ नका. पाच वर्षांत यादीत नवी पोरं आली, म्हातारी माणसं गेली, आमच्या एका बिल्डिंगीतलेच तीन भाडेकरू शहरातल्याच सातारा परिसराकडं राहायला गेले, म्हणजे थेट पश्चिम मतदारसंघात. बेरीज जुळली म्हणजे माणसं तीच, असं होत नाही. टाकीत पाणी तेवढंच दिसतं म्हणून नळ बंद होता असं कुणी म्हणत नाही.

२०२४ चं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २०१४ ला फूट पडली ती सारखी, एक्केचाळीस आणि चाळीस. २०२४ ला पडली ती ८५ आणि ३७. आणि या ३७ मधले सगळे काही जैस्वालांचे जुने मतदार नव्हेत, थोरातांमागं काँग्रेस आणि राष्ट्रवादीही होती. फूट पडली एवढ्यानं भागत नाही. ती मधोमध पडावी लागते.

पोटभाडेकरू

तनवाणींचं विसरलात काय? २०२४ ला ठाकऱ्यांची उमेदवारी आधी त्यांनाच जाहीर झाली होती. अर्ज भरायची मुदत संपत आली आणि गड्यानं माघार घेतली. कारण काय दिलं, तर २०१४ ची पुनरावृत्ती नको. मग शिंदे गटात गेले. तुमचं बिलबुकावरचं गणित उमेदवारानं स्वतःच मांडलं होतं, दादा. आपण आत्ता मांडायलोय.

गुलमंडीकर

@पोटभाडेकरू, हे लिहायचं राहूनच गेलं. त्या दोन दिवसांत गुलमंडीवर दुसरा विषय नव्हता. गिऱ्हाईक साडी बघता बघता विचारायचं, "तनवाणी उभे राहतेत का नाही?" मी म्हणायचो, आधी काठ बघा.

निवृत्त_मास्तर

तुम्हा मुलांची गोष्ट २००९ पासून सुरू होते. थोडं मागं जाऊ द्या.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मराठवाड्याचे आमदार मुंबईला नव्हे, हैदराबादला बसायचे. पोलीस कारवाई १९४८ ची. १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबईत आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ ला इथून रफिक झकेरिया काँग्रेसचे आमदार झाले, पुढं बरीच वर्षं मंत्री होते. नव्या औरंगाबादेच्या, म्हणजे सिडकोच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. हडको-सिडकोत राहून जुन्या शहराला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. त्या काळात ‘कोणत्या समाजाचा उमेदवार’ हा प्रश्न नव्हता असं मी म्हणणार नाही, पण काँग्रेसचं चिन्ह त्याच्यावर पांघरूण घालायचं.

पांघरूण निघालं १९८८ ला. महापालिका १९८२ ला झाली, पण पहिली निवडणूक १९८८ मध्ये. मुंबई-ठाण्याची म्हणून ओळखली जाणारी शिवसेना पहिल्याच फटक्यात ६० पैकी २७. त्याच वर्षी मे महिन्यात सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेबांनी ‘संभाजीनगर’ म्हटलं. मी त्या सभेला होतो. सायकल कुठं लावली होती ते नंतर तासभर सापडत नव्हतं, एवढी गर्दी. १९८९ ला मोरेश्वर सावे खासदार झाले. आजचे पूर्वचे आमदार अतुल सावे त्यांचे चिरंजीव. १९९० आणि १९९५ ला चंद्रकांत खैरे पश्चिममधून आमदार. आणि गंमत बघा, १९९९ ला खैरे लोकसभेत गेले आणि त्याच पश्चिममधून काँग्रेसचे राजेंद्र दर्डा आले, २००४ ला पुन्हा आले. म्हणजे मधली दहा वर्षं हेच शहर लोकसभेला सेना आणि विधानसभेला काँग्रेस निवडत होतं. एकाच माणसाचं बोट दोन ठिकाणी.

म्हणून गुलमंडीकर, ‘माणसं मत बदलत नाहीत’ हे वाक्य जरा जपून.

शहागंजवाला

मास्तर साहेब, आदाब. तुमच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन.

मी इथला जुना वाचक, लिहितो कमी. पण या धाग्यात न बोललेली एक गोष्ट सगळे गृहीत धरून चाललेत. ७७,३४० म्हणजे ‘मुस्लिम मतं’ आणि बाकी म्हणजे ‘बाकीची’. आमच्या घरात पाच मतं आहेत. २०१४ ला पाचातली तीन पतंगाला, म्हणजे एमआयएमला गेली. अब्बा शेवटपर्यंत पंजाच दाबत होते. म्हणायचे, "बेटा, निशान बदलने की मेरी उमर नहीं." २००९ ला तर आमच्या गल्लीत घड्याळ जोरात होतं, राष्ट्रवादीचे कदीर मौलाना लढत होते. तेव्हा कुणी आम्हाला एकगठ्ठा म्हणत नव्हतं, आमची मतं फुटायची म्हणून. २०१४ ला नांदेडच्या महापालिकेचं उदाहरण समोर होतं. २०१२ ला तिथं एमआयएमचे ११ नगरसेवक आले, तेव्हा लोकांना वाटलं, हे होऊ शकतं. जे लोक वर्षानुवर्षं ‘तुमचं मत वाया जाईल’ ऐकत होते त्यांना पहिल्यांदा कळलं की वाया जाणारं मत दुसऱ्याचंही असू शकतं.

आणि वाढत गेलेल्या मतांचं म्हणाल, तर ती सगळ्यांचीच वाढली. ६१ चे ७७ झाले, तसे जैस्वालांचे ४१ चे ८५ झाले. समोरचा पळत असेल तर तुम्ही चालत पुढं गेलात तरी मागंच पडता. यात कोडं काही नाही.

नागसेनवन

शहागंजवाल्यांनी एका बाजूचं सांगितलं, मी दुसरी राहिलेली बाजू सांगतो, कारण या धाग्यात आमचा, म्हणजे वंचितच्या मतदारांचा, कुणी हिशेबच केला नाही. नेहमीप्रमाणे.

२०१९ च्या लोकसभेला (निकाल मे महिन्यात) वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र होते. जलील ३,८९,०४२, खैरे ३,८४,५५०. ४,४९२ मतांनी चार वेळा निवडून आलेला खासदार पडला. (हर्षवर्धन जाधवांनी पावणेतीन लाखांच्या वर घेतली, ते ट्रॅक्टरचं वेगळं प्रकरण.) चार महिन्यांत जागांवरून बिनसलं आणि विधानसभेला दोघं वेगळे. मध्यमध्ये वंचितचे अमित भुईगळ, मतं २७,३०२. एमआयएम पडलं किती मतांनी? १३,८९२. आमच्या मतांच्या निम्म्यानं.

म्हणजे गुलमंडीकर, तुम्ही २०१४ ची जी भाकरी सांगितली तशीच २०१९ ला दुसऱ्या चुलीवर मोडली. पण तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. सेना-भाजप तुटली की ‘मतविभाजन’ आणि आम्ही वेगळे लढलो की आम्ही ‘मतं खाल्ली’. आमची मतं आम्हीच खाल्ली, हे कसं काय बुवा?

मी ज्या वस्तीत वाढलो तिथली म्हातारी माणसं अजून वर्ष मोजतात ती विद्यापीठाच्या नामांतरापासून. ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली सोळा वर्षं कुणाची घरं जळाली आणि तेव्हा कोण कोणत्या बाजूला होतं, हे आईच्या पिढीला तोंडपाठ आहे. तिथं उमेदवाराचं नाव नंतर येतं. माझी आई २०१९ ला बूथवरून आली आणि म्हणाली, "जिंकायला नाही दिलं, दाखवायला दिलं." यावर तुमची बेरीज काय सांगते?

गुलमंडीकर

@नागसेनवन, चूक कबूल. मूळ लिखाणात २०१९ ची तिसरी ओळच मी गाळली होती. आत्ता मांडून बघितलं: २०१९ ला दुसरा अधिक तिसरा ९५,६२७, जिंकणारा ८२,२१७. २०१४ ला दुसरा अधिक तिसरा ८२,६३१, जिंकणारा ६१,८४३. २०२४ ला दुसरा अधिक तिसरा १,१४,४३८, जिंकणारा ८५,४५९. तिन्ही वेळा जिंकणाऱ्याच्या विरोधातली मतं जास्त. मध्यच्या मतदारानं निम्म्याहून जास्त हात कुणाच्याच डोक्यावर ठेवलेला नाही.

आईंच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही.

लातूरचा_पक्या

तुमच्याकडं निदान करमणूक तरी आहे. आमचं लातूर शहर २००९ पासून अमित देशमुख, अमित देशमुख, अमित देशमुख, अमित देशमुख. फक्त फरक बघा. पहिल्या वेळी ऐंशी हजारांच्या वर, २०२४ ला ७,३९८. समोर अर्चना पाटील चाकूरकर होत्या. निकालाच्या दिवशी आमच्या काकांनी पेढे आणून ठेवले होते, पण डबा उघडला दुपारी. एवढा वेळ तो डबा बंद राहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पुंडलिकनगर

मध्यचं कसलं कौतुक, पूर्वकडं या. अतुल सावे २०१४ ला गफ्फार कादरींच्या समोर ४,२६० नं, २०१९ ला पुन्हा त्यांच्याच समोर १३,९३० नं. २०२४ ला समोर थेट जलील. सावे ९३,२७४, जलील ९१,११३. फरक २,१६१! आणि कादरी या वेळी समाजवादीकडून उभे होते. काँग्रेसनं आधी एक उमेदवार जाहीर केला, मग बदलून लहू शेवाळेंना दिलं. गुलमंडीकरांचा सिद्धांत इथं जास्त लागू पडतो.

मतमोजणीच्या दिवशी आम्ही टीव्हीसमोरून उठलो नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या जलील पुढं. एका पोरानं तर मोबाईल फेकला, संपलं म्हणून. आणि शेवटच्या फेऱ्यांत उलटलं. तेव्हापासून काही लोक व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणायलेत, ‘काहीतरी झालं’.

मतदान_केंद्राध्यक्ष_सहा_वेळा

‘काहीतरी झालं’ वाल्यांसाठी लिहितो. मी शिक्षक, सहा निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. मोजणीच्या ड्युटीवरही गेलोय.

एका मतदारसंघाला साधारण १४ टेबलं असतात. एका फेरीत १४ केंद्रांची यंत्रं. केंद्र क्रमांक १ ते १४ पहिल्या फेरीत, १५ ते २८ दुसऱ्या, असं क्रमानं. आणि केंद्रांचे क्रमांक भागाभागानं लागलेले असतात. म्हणजे एका वस्तीची यंत्रं लागोपाठ येतात, मग दुसऱ्या वस्तीची. आपल्या शहरात वस्त्या कशा आहेत ते मी सांगायला नको. त्यामुळे लीड हळूहळू वाढत नाही, चढतं आणि उतरतं. पंधराव्या फेरीचा आकडा म्हणजे अर्धा निकाल नव्हे, अर्ध्या शहराचा निकाल. ज्याला कोणत्या फेरीत कोणता भाग येणार ते पाठ असतं, तो कार्यकर्ता लीड असूनही नखं खात बसतो.

मतदानाच्या दिवसाचंही सांगतो. मतदान सातला सुरू, पण त्याआधी प्रतिनिधींच्या समोर मॉक पोल घ्यावा लागतो, किमान ५० मतं. गेल्या वेळी माझ्या केंद्रात दोनच पोरं वेळेवर आली, एक मशालीचा आणि एक पतंगाचा. धनुष्यबाणाचा नंतर धापा टाकत आला. तिघंही एकाच कॉलेजचे निघाले. ५० मतं दाबायची म्हणजे बराच वेळ जातो. प्रत्येक चिन्हाला मत गेलं पाहिजे, ‘वरीलपैकी कुणीही नाही’लाही. पतंगवाला ‘नाही’चं बटण दाबताना म्हणाला, "सर, ह्याला आमच्याकडं चांगली मतं पडतील बघा." मग मोजणी दाखवली, व्हीव्हीपॅट यंत्रातल्या चिठ्ठ्या जुळवल्या, सगळं पुसलं, सील, सह्या. हे न करता यंत्र सुरू करता येत नाही.

संध्याकाळी सहाला जे रांगेत असतात त्यांना आम्ही चिठ्ठ्या देतो, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढं देत येतो. म्हणजे मागून कुणी घुसू नये. त्या दिवशी शेवटची चिठ्ठी एका बाईच्या हातात गेली. बाळ कडेवर, हातात दळणाचा डबा. गिरणीतूनच आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, मी पहिली का?" मी म्हटलं, ताई, शेवटच्या. म्हणाल्या, "मग बसते." आणि डब्यावर बसल्या.

नंतर केंद्रातल्या एकूण मतांचा हिशेब, म्हणजे फॉर्म १७-सी, प्रत्येक प्रतिनिधीला सही करून देतो. शंका असणाऱ्यांनी आपल्या पक्षाच्या पोराकडून तो कागद मागावा. बहुतेकांच्या खिशात तो धुऊन निघतो.

शहागंजवाला

सर, शुक्रिया. हे कुणी इतकं उलगडून सांगत नाही. माझ्या भाच्याकडं तो १७-सी आहे, लॅमिनेट करून ठेवलाय त्यानं!

हडको_एन_अकरा

एक विचारायचं राहिलं. गुलमंडीकरांच्या ‘उभं कोण राहतं’ या मुद्द्यावर खरी परीक्षा केंद्रनिहाय आकड्यांवर होईल. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक केंद्रात कुणाला किती, टपाली मतांसकट. २०१४ ला ज्या केंद्रांवर तनवाणी पुढं होते त्या भागात २०२४ ला थोरातांना किती पडली, ते बघितलं की कळेल की ३७ हजार कुठून आले. केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदललेत, ते शाळेच्या नावावरून जुळवावे लागतील. किचकट आहे, पण होईल.

नागसेनवन

करा, पण वंचितच्या रकान्यासकट करा.

निवृत्त_मास्तर

आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणी काढलीच नाही म्हणून आश्चर्य वाटलं. १९८८ च्या त्या सभेच्या वेळी आमच्याकडं नळाला रोज पाणी यायचं.

पोटभाडेकरू

मास्तर, दुखऱ्या नसेवर बोट! जायकवाडीहून नव्या जलवाहिनीची योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. आधीच्या समांतर जलवाहिनीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या काळात मध्यमध्ये अपक्ष झाला, एमआयएम झालं, एक सेना झाली, दुसरी सेना झाली. माझ्या घरमालकाच्या टाकीला यातलं काही कळलेलं नाही.

गुलमंडीकर

@हडको_एन_अकरा, फॉर्म २० ची २०१४, २०१९ आणि २०२४ ची फाईल उतरवून घेतली. पानं स्कॅन केलेली आहेत, आकडे हातानंच टाकावे लागतील. शाळांची नावं जुळवायचं काम तुमच्याकडं, वंचितचा रकाना नागसेनवन तपासतील. आज आमच्या गल्लीत आठव्या दिवसाचं पाणी आहे, दीड-दोनला येईल. तोवर जागाच आहे, बेगमपुऱ्याची केंद्रं घ्यायला लागतो.